राज्य कोणावर आहे

२०१८च्या दिवाळीच्या सुट्टीत, एका रविवारी सकाळी नऊच्या सुमारास, मी वरळीच्या बी.डी.डी. चाळींमधल्या एका मोकळ्या जागेत कॅमेरा घेऊन उभा राहिलो आणि पाच मिनिटांच्या आत तिघे जण माझ्याजवळ आले. ‘कोणाकडून आलात?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मी कोणत्याही वर्तमानपत्राकडून, संस्थेकडून किंवा पक्षाकडून आलेलो नव्हतो, त्यामुळे माझ्याकडे त्याचे धड उत्तर नव्हते. मुलांच्या खेळांची छायाचित्रे काढायची आहेत, असे मी सांगितले, तेव्हा त्यांच्यातल्या वयस्क गृहस्थांनी आवाज न चढवता विचारले, ‘मुलांचीच का?’

तो प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठार मारले होते. मोबाईलवरून फिरणारे तसलेच संदेश मुंबईतल्या वस्त्यांमध्येही येत होते. अनोळखी पुरुष, हातात कॅमेरा आणि नजर मुलांवर, एवढे एकत्र दिसल्यावर कोणत्याही आईबापाच्या मनात जे येईल तेच त्यांच्या मनात आले होते. मी कॅमेरा पिशवीत ठेवला, माझे नाव, पत्ता आणि नोकरीचे ठिकाण सांगितले आणि पुढच्या रविवारी नुसता येऊन बसलो तर चालेल का, असे विचारले. ‘बसायला कोण अडवतंय,’ असे म्हणून ते निघून गेले.

पुढचे चार रविवार मी पायरीवर बसून काढले. कॅमेरा बरोबर असे, पण पिशवीतून बाहेर काढला नाही. ज्यांना हे छायाचित्रण नव्याने सुरू करायचे आहे, त्यांना मी आजही हेच सांगतो की या कामातला सर्वांत मोलाचा भाग त्या चार रविवारांत झाला.

मुलांचीच छायाचित्रे का, याचे उत्तर मला त्या गृहस्थांना पुढे कधीतरी देता आले. माझे लहानपण गिरगावातल्या चाळीत गेले. आमच्या घरच्या अल्बममध्ये माझे बारसे आहे, जावळ आहे, पहिल्या वाढदिवसाला स्टुडिओत काढलेला फोटो आहे आणि मुंजीतली बटूची तर दोन डझन छायाचित्रे आहेत. मात्र शाळेतून आल्यापासून दिवेलागणीपर्यंत ज्या गोष्टीत माझा सगळा जीव असे, त्या खेळाचे एकही चित्र त्यात नाही. मी ज्या ज्या ओळखीच्या घरी जुने अल्बम पाहिले, तिथे हीच स्थिती होती. ज्या मुलांबरोबर मी दहा वर्षे रोज खेळलो, त्यातल्या निम्म्यांचे चेहरे आता मला आठवत नाहीत, आणि ते दाखवणारा कागदाचा एक तुकडाही कुठे शिल्लक नाही. हे मला फार लागले होते.

बी.डी.डी. चाळी मी निवडल्या त्या तिथल्या मोकळ्या जागांमुळे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात गिरणी कामगारांसाठी वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे या चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधोमध बोळासारखा अंधारा मार्ग, त्याच्या दोन्ही अंगांना १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्यामागे सामायिक शौचालये, अशी त्यांची रचना होती. खोली एवढी लहान की मूल चालायला लागले की घराबाहेरच वाढायचे. एकट्या वरळीत अशा १२१ चाळी होत्या, आणि दोन चाळींच्या मधला प्रत्येक पट्टा म्हणजे कोणत्या ना कोणत्या टोळीचे मैदान होते. जांबोरी मैदान मोठ्या मुलांचे, तर सहा-सात वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे राज्य या पट्ट्यांवर. माझे काम त्यांच्याबरोबरचे होते.

पायरीवर बसल्या बसल्या मला उमगले की गिरगावातले खेळ आणि हे खेळ एकच असले, तरी त्यांचे नियम जागेप्रमाणे बदललेले आहेत. रबरी चेंडूच्या क्रिकेटमध्ये चेंडू थेट खिडकीत गेला तर फलंदाज बाद, पण एका ठरावीक खिडकीत गेला तर सगळा डावच बंद, कारण त्या खोलीत एक आजारी आजोबा होते. भिंतीवर कोळशाने ओढलेल्या तीन रेघा म्हणजे यष्टी, आणि उजवीकडची रेघ गटाराच्या पाइपाला लागून असल्यामुळे त्या बाजूने चेंडू टाकण्यावरून रोज भांडण. पाच वर्षांचे एक पोर कच्चा लिंबू म्हणून सगळ्या खेळांत असे, त्याच्यावर राज्य कधीच येत नसे आणि ते त्याला अजिबात पसंत नव्हते. हे सगळे कळल्याखेरीज मी चित्रे काढली असती, तर मला फक्त पळणारी, ओरडणारी मुले दिसली असती. कोण कोणापासून पळते आहे, हे चित्रात आले नसते.

पाचव्या रविवारी एका मुलाने स्वतःहून विचारले, ‘काका, त्या पिशवीत काय आहे?’ मी कॅमेरा काढून त्याच्या हातात दिला. पहिली तीसेक छायाचित्रे मुलांनीच एकमेकांची काढली. त्यांतली धड आलेली मी चार बाय सहाच्या कागदावर छापून घेतली आणि पुढच्या रविवारी ज्याची त्याला वाटली. दोन-तीन आया ती हातात घेऊन खाली आल्या आणि त्या दिवसापासून मी ‘फोटोवाले काका’ झालो. छापील प्रत घरी पोचवणे हा नियम मी पुढे कधीही मोडला नाही. मोबाईलवर पाठवलेले चित्र शंभर चित्रांत बुडून जाते. कागद मात्र आरशाच्या चौकटीत खोचला जातो, आजीला दाखवला जातो आणि मला त्या घरात जबाबदार धरण्याचा एक धागा म्हणूनही उरतो.

तंत्राचे थोडेसे सांगतो, कारण या कामात ते साधेच ठेवावे लागते. मी ३५ मिलिमीटरची एकच भिंग वापरतो. लांबून टिपणारी मोठी भिंग मी मुद्दाम घेतली नाही. ती घेऊन गॅलरीच्या टोकावरून चित्रे काढणे सोपे असले, तरी ज्याची चित्रे काढतो त्याला ते कळत नाही आणि मला ते योग्य वाटत नाही. खेळ सुरू असताना फोकस करत बसायला वेळ नसतो, म्हणून मी प्रकाश आत येण्याचे छिद्र एफ ८ या मापावर आणि फोकसचे अंतर तीन मीटरवर पक्के ठेवतो. या भिंगेने तेवढ्यात साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. धावते पाय स्पष्ट यायला चित्र सेकंदाच्या पाचशेव्या भागात टिपले जायला हवे, आणि चाळींच्या सावलीत तेवढा वेग मिळवायला आय.एस.ओ., म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता, ८०० किंवा १६०० पर्यंत न्यावी लागते. हिवाळ्यात दोन चाळींच्या मधल्या फटीत सूर्य उशिरा उतरतो आणि मग तासभर एक उन्हाची तिरकी पट्टी जमिनीवरून सरकत जाते. गोट्या खेळणारी मुले थंडीत त्या पट्टीबरोबर सरकत जातात, हे मला खूप उशिरा लक्षात आले. उभे राहून काढलेल्या चित्रांत मुलांची फक्त डोकी आणि जमीन येते, म्हणून मी उकिडवा बसतो किंवा पायरीवरूनच काढतो. गुडघे दुखतात, पण डोळ्याला डोळा भिडतो.

खरा धडा मात्र लगोरीने दिला. पहिले काही आठवडे मी लगोरी फुटण्याचा क्षण पकडण्याच्या मागे होतो. चेंडू लागतो, सात ठिकऱ्या उधळतात, धूळ उडते, आणि चित्र दिसायला नेटके असते. अशी चाळीसेक चित्रे जमली आणि ती सारी एकसारखी निघाली. मग एकदा मी दुसऱ्या बाजूला बसलो होतो आणि ठिकऱ्या रचायला बसलेली एक मुलगी चौकटीत आली. लगोरी रचताना पाठ चेंडूकडे असते. चेंडू कोणाच्या हातात आहे हे दिसत नाही, भिडूंच्या ओरडण्यावरून अंदाज घ्यायचा असतो आणि हात थरथरला तर रचलेलेही पडते. तिचे खांदे आखडलेले होते, मान आत ओढलेली होती आणि बोटे मात्र पाचवी ठिकरी अलगद ठेवत होती. मागे धूसर दिसणाऱ्या मुलाचा हात चेंडू फेकायला वर गेलेला होता. सगळी लगोरी त्या पाठीत होती. तेव्हापासून प्रत्येक खेळात मी स्वतःला आधी विचारतो की राज्य कोणावर आहे आणि या क्षणी कोणाला धोका आहे, आणि मग जागा धरतो.

डबा ऐसपैस या खेळात माझ्या हातून चूक झाली. पाण्याच्या निळ्या पिंपामागे एक मुलगा दडला होता आणि मी त्याच्याकडे भिंग रोखून बसलो. ज्याच्यावर राज्य होते त्या मुलीने डब्याजवळून एकदाच माझ्याकडे पाहिले, माझी नजर कुठे आहे ते ओळखले आणि त्याचे नाव घेऊन ‘ऐसपैस’ पुकारले. तो मुलगा माझ्यापुढे येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होते. ‘काका, तुमच्यामुळे पकडलो गेलो.’ ते शब्दशः खरे होते. बघणाऱ्याच्या नुसत्या असण्याने खेळ बदलतो, हे मी त्या दिवशी शिकलो. त्यानंतर लपाछपीच्या खेळांत मी लपलेल्यांकडे पाठ करून, राज्य असलेल्याच्या मागे बसायचे ठरवले. गंमत अशी की चित्रेही तिथूनच अधिक चांगली आली, कारण डब्यापासून पाऊल दूर टाकावे की टाकू नये ही घालमेल फक्त राज्य असलेल्याच्या चेहऱ्यावर असते.

या प्रकारच्या छायाचित्रणाची परंपरा मोठी आहे आणि मी ती आवडीने अभ्यासली. न्यूयॉर्कमध्ये हेलन लेविट यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून गरीब वस्त्यांतल्या मुलांचे खेळ आणि त्यांनी पदपथांवर खडूने काढलेली चित्रे टिपली. त्यांच्या लायका कॅमेऱ्यावर काटकोनात बघण्याचे साधन बसवलेले असे, त्यामुळे त्या एकीकडे पाहत आहेत असे वाटे आणि भिंग दुसरीकडे असे. त्यांच्या चित्रांसमोर मी आजही नतमस्तक आहे, तरीही ती युक्ती मला आपल्या वस्तीत वापरावीशी वाटली नाही. कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन वर वळवून, तो कमरेपाशी धरून, चोरून चित्रे काढणे मी दोन दिवस करून पाहिले होते. चित्रे मिळाली, पण ती घरोघर वाटताना ‘हा कधी काढलात?’ या प्रश्नाला उत्तर देताना मला खाली बघावे लागले. लंडनच्या रॉजर मेन यांची रीत मला अधिक जवळची वाटते. त्यांनी १९५६ ते १९६१ या काळात नॉर्थ केन्सिंग्टनमधल्या साउदॅम स्ट्रीट या एकाच रस्त्यावर परत परत जाऊन तिथल्या मुलांची चित्रे काढली. पुढे तो रस्ता बराचसा पाडला गेला आणि तिथे ट्रेलिक टॉवर ही ३१ मजल्यांची इमारत उभी राहिली. हे मी वाचले तेव्हा वरळीच्या चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन होऊन गेलेले होते, त्यामुळे ती ओळ माझ्या मनातून हलेना.

आता ज्या प्रसंगाविषयी लिहायला मला अजून जड जाते, तो सांगायला हवा. २०१९च्या धुळवडीला मी चाळीत होतो. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी ठिकरी खेळत होती. एक पाय वर, दोन्ही हात पसरलेले, जीभ दातांत धरलेली आणि नजर पुढच्या चौकोनातल्या फरशीच्या तुकड्यावर. तोल जाईल की सावरेल, अशा नेमक्या क्षणाचे ते चित्र होते. त्या काळात मी सगळी चित्रे कृष्णधवल करत असे, कारण तीच गंभीर दिसतात अशी माझी समजूत होती. उपनगरातल्या एका छोट्या समूह-प्रदर्शनात मी ते दिले. आयोजकांनी मला न विचारता त्याखाली ‘अभावातले बालपण’ अशी पट्टी लावली, आणि उद्घाटनाच्या दिवशी ती पाहूनही मी काही बोललो नाही. आठवड्याभरात कोणीतरी मोबाईलवर काढलेले त्या चौकटीचे चित्र मुलीच्या आईपर्यंत पोचले.

रविवारी तिने मला पायरीवरच गाठले. ती ओरडली असती तर मला सोपे गेले असते. ‘भाऊ,’ ती म्हणाली, ‘त्या दिवशी धुळवड होती. धुळवडीला चांगला फ्रॉक कोण घालतं? मीच तिला जुना, फाटका काढून दिला होता. तुम्ही तिथे होतात, तुम्हाला माहीत होतं.’

मला माहीत होते. तिच्या गालावर गुलाबी रंग होता, कपाळावर हिरवा, फ्रॉकवर जांभळ्याचे ओघळ. मी रंग काढून टाकले आणि सणाचा रंग अंगावरचा मळ होऊन बसला. उरलेले काम त्या पट्टीने केले. खेळाच्या चित्राचे गरिबीचे चित्र झाले होते आणि त्यातली पहिली पायरी माझीच होती. मी त्याच दिवशी जाऊन चौकट उतरवली, मूळ रंगीत चित्र मोठे छापून त्यांच्या घरी नेऊन दिले आणि मुलीचीही माफी मागितली, कारण तोवर तिला कोणी काही विचारलेच नव्हते. तिने ते चित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाली की त्या डावात ती पडली नव्हती. पुढचे तीन महिने मी तिच्याकडे कॅमेरा वळवला नाही. त्यानंतर ती आपणहून समोर येऊन लंगडी घालू लागली, तेव्हाच पुन्हा चित्र काढले. त्या दिवसापासून मी कृष्णधवल सोडले. कोणी कितीही म्हटले तरी मुलांच्या खेळात रंग हा पुरावा आहे, हे माझे मत पक्के आहे.

त्यानंतर संमतीच्या बाबतीत मी काही गोष्टी बांधून घेतल्या. मुलाने मान हलवून नाही म्हटले तर ते नाहीच, आईवडिलांनी हो म्हटले असले तरीही. चित्र बाहेर दाखवायचे असेल तर छापील प्रत आणि तिच्याखाली येणारा मजकूर, दोन्ही आधी घरी दाखवायचे. आंघोळ करणारी, अपुऱ्या कपड्यांतली, मार खाऊन रडणारी मुले टिपायची नाहीत. शाळेच्या गणवेशावरचे चिन्ह किंवा खोलीचा क्रमांक दिसत असेल तर ते चित्र इंटरनेटवर जाणार नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती बंधनकारक ठरवली, त्याच्या आधीपासून आमच्या पायरीवर हे चालू होते. १९९२ साली भारताने स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१व्या कलमात खेळण्याचा हक्क आहे आणि १६व्या कलमात खाजगीपणाचा. मला दोन्ही एकाच वेळी सांभाळायचे होते.

चित्रे निवडण्याचे कामही मी हळूहळू मुलांबरोबर करू लागलो. महिन्याभराची दोन-तीनशे चित्रे चाळून त्यांतली चाळीसेक लहान आकारात छापायची आणि चटईवर पसरायची. माझ्या आणि त्यांच्या आवडीत मोठा फरक पडे. मला प्रकाश, रेषा, हातांची ठेवण दिसे, तर त्यांना न्याय दिसे. ‘हा चांगला आहे, कारण यात दिसतं की मी आउट नव्हतो,’ असे एकाने सांगितले, तेव्हा मी ते चित्र पुन्हा निरखले. पाय खरोखरच रेषेच्या आत होता. ते चित्र मी ठेवले आणि आज माझ्या संग्रहातल्या पहिल्या दहांत मी त्याला जागा देतो.

२०२० आणि २०२१ ही वर्षे बहुतेक रिकामी गेली. मी जाऊ शकत नव्हतो आणि मुलांना खाली उतरता येत नव्हते. मधल्या अंधाऱ्या मार्गात त्यांनी क्रिकेट मांडल्याचे एकाने फोनवर सांगितले. त्याची चित्रे त्याच्याच मोबाईलमध्ये असतील. मी परत गेलो तेव्हा काही चाळी रिकाम्या होऊ लागल्या होत्या. कोणी भाडे घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड हलवले, कोणी संक्रमण शिबिरात गेले, आणि पाचवीतला भिडू कोणत्या उपनगरात गेला हे उरलेल्यांनाही सांगता येईना. टोळ्या मोडल्या. लगोरीला दोन बाजू करण्याइतकी मुले एका पट्ट्यात उरली नाहीत, तेव्हा त्यांनी तिघांत खेळता येणारी नवी लगोरी तयार केली आणि मला तिचे नियम समजावून दिले.

वरळीतल्या पहिल्या नव्या ४० मजली इमारतींमधल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत, स्वतःच्या शौचालयासकट जाणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे चाळीत वाढलेल्या मला कोणी सांगायला नको. त्या घरांतला आनंद मी पाहिला आहे आणि मला तो मनापासून पटतो. मुलांनी कुठे खेळायचे, हे मात्र त्यांना आता नव्याने ठरवावे लागणार आहे, आणि त्यासाठी मला पुन्हा पहिल्यापासून पायरी शोधावी लागेल.

त्याच पावसाळ्यात मला एका मुलाचा फोन आला. पिंपामागे लपलेला तो हाच. आता अकरावीत आहे. त्याला २०१९चे एक चित्र हवे होते. मी विचारले, ‘तुझं कोणतं?’ तो म्हणाला, ‘माझं नको, भिंतीचं हवं.’ शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. कोळशाच्या तीन रेघा, शेजारी गटाराचा पाइप आणि कोपऱ्यात फलंदाजाची अर्धी कोपर, एवढेच त्यात होते. मी ते कधी कोणाला दाखवलेही नव्हते. बारा बाय अठरावर छापून नेले तेव्हा त्याने ते खिडकीपाशी धरून पाहिले. रेघांच्या खाली आणखी तीन पुसट रेघा होत्या, मला न दिसलेल्या. त्या त्याच्या वडिलांच्या वेळच्या, असे तो म्हणाला. मग त्याने पेन दिले आणि चित्राच्या मागे चाळीचा क्रमांक लिहायला सांगितला.